'लागणे' आणि मोजणे : उत्तेजक द्रव्यांच्या परिणाममापनातील मराठीचे स्थान

१

उत्तेजक द्रव्यांचा मनुष्याच्या शरीरावर व मनावर होणारा परिणाम मोजण्याचे शास्त्र आता सव्वाशे वर्षांहून अधिक जुने झाले आहे. या शास्त्राची साधने स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. नाडीचा वेग, रक्तदाब, बाहुलीचा विस्तार, रक्तातील वा लघवीतील द्रव्याचे प्रमाण, एखाद्या संकेतास प्रतिसाद देण्यास लागणारा काळ, ही साधने यंत्राने वाचता येतात. द्रव्य घेतल्यावर मनुष्यास काय वाटले, किती वाटले, पुन्हा ते घ्यावेसे वाटते की नाही, हे मात्र त्याला विचारूनच समजते. आणि विचारणे व सांगणे ही दोन्ही कामे भाषेची आहेत. पहिल्या प्रकारच्या साधनांच्या अचूकतेविषयी आजवर अपार काळजी वाहिली गेली. दुसऱ्या प्रकारच्या साधनांची भाषा मात्र अनुवादकाच्या हवाली करून शास्त्रज्ञ निश्चिंत राहिले आहेत. मराठी भाषकांच्या बाबतीत ही निश्चिंती कितपत सार्थ आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

हा प्रश्न केवळ कोशकारांच्या जिव्हाळ्याचा नाही. २०१६–१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे त्यांत ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे या प्रदेशातील सर्वांत मोठ्या प्रमाणावर घेतले जाणारे उत्तेजक (चहा वगळता) चिमटीत मळून ओठाआड ठेवले जाते, पानात घातले जाते किंवा दातांना लावले जाते. त्याचा परिणाम मोजणाऱ्या प्रश्नावल्या मात्र मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाकडे पाहून रचल्या गेल्या आहेत. या दोहोंमधील अंतर किती, हे ठरवल्याखेरीज हाती आलेल्या अंकांना अर्थ देता येणार नाही.

२

प्रथम या शास्त्राच्या पूर्वसूरींनी काय शिकवले ते पाहणे इष्ट होय. जर्मन मनोवैद्य एमिल क्रेपेलिन याने १८९२ साली चहा, मद्य इत्यादी द्रव्यांचा साध्या मानसिक क्रियांवरील परिणाम प्रतिक्रियाकालाच्या आधारे मोजून दाखवला. त्यानंतर इंग्रज शास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याचे मद्य व अन्य द्रव्यांचा थकव्यावरील परिणाम सांगणारे पुस्तक १९०८ साली प्रसिद्ध झाले. निलगिरीतील तोडा लोकांच्या अभ्यासामुळे हा शास्त्रज्ञ भारतीय वाचकास परिचित आहे. परंतु त्याचे हे दुसरे कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. घेतलेले द्रव्य कोणते हे घेणाऱ्यास ठाऊक असेल, तर त्या जाणिवेने व चवीने उत्पन्न होणारी उत्सुकताच स्नायूंचे काम वाढवते, हे त्याने ओळखले व द्रव्य आणि निष्क्रिय मिश्रण यांची चव एकसारखी करून प्रयोग केले. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की नित्य चहाकॉफी घेणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर सोडण्यानेच शक्तिपात होतो, हेही त्याच्या ध्यानी आले. यास्तव प्रयोगापूर्वी दीर्घकाळ ही पेये वर्ज्य करणे त्याने आवश्यक मानले.

१९११ साली अमेरिकेत कोका-कोलाविरुद्ध सरकारने चालवलेल्या खटल्याच्या निमित्ताने हॅरी हॉलिंगवर्थ व त्याची पत्नी लेटा हॉलिंगवर्थ यांनी कॅफीनचा अभ्यास केला. सोळा व्यक्तींना कित्येक आठवडे कॅफीनच्या किंवा निष्क्रिय चूर्णाच्या कुप्या देण्यात आल्या. कोणत्या दिवशी कोणती कुपी हे घेणाऱ्यास व मोजणाऱ्यास दोघांसही अज्ञात ठेवण्यात आले. १९१२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही पद्धतीच्या दृष्टीने आदर्श मानला जातो.

या पूर्वसूरींचा धडा एका वाक्यात सांगता येईल : मोजण्याच्या कृतीतून जे मापात मिसळते, ते आधी वेगळे काढले पाहिजे. चव मिसळते म्हणून चव लपवावी. अपेक्षा मिसळते म्हणून अपेक्षा निष्प्रभ करावी. सवय मिसळते म्हणून सवयीचा हिशेब ठेवावा. भाषाही मापात मिसळते, ही गोष्ट मात्र या परंपरेच्या ध्यानी आली नाही. कारण प्रयोग करणारा आणि प्रयोगास बसणारा हे दोघेही एकाच भाषेचे होते.

३

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनाची अवस्था शब्दांनी मोजणारी साधने अस्तित्वात आली. अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथील व्यसन संशोधन केंद्रात हिल, हर्टझेन प्रभृतींनी १९६३ साली साडेपाचशे विधानांची एक सूची प्रसिद्ध केली. द्रव्य घेतल्यावर प्रत्येक विधान खरे की खोटे हे सांगावयाचे, आणि त्या उत्तरांवरून अँफेटामिनसदृश, मॉर्फिनसदृश वा गुंगीकारक परिणाम ओळखावयाचा, अशी ही योजना. १९७१ साली तिचे एकोणपन्नास विधानांचे संक्षिप्त रूप निघाले. त्याच वर्षी मनःस्थितीचे मापन करणारी पासष्ट विशेषणांची दुसरी सूची आली. १९७४ साली बाँड व लेडर यांनी शंभर मिलिमीटर लांबीच्या सोळा रेषा सुचवल्या. प्रत्येक रेषेच्या दोन टोकांस परस्परविरुद्ध विशेषणे लिहिलेली असतात व आपली अवस्था त्यांच्या दरम्यान कोठे बसते तेथे खूण करावयाची असते. 

या साधनांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. एकच व्यक्ती, एकच भाषा व भिन्न मात्रा, अशी तुलना असेल तेथे ती उत्तम काम देतात. तथापि त्यांच्या रचनेतील दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. लेक्झिंग्टनची विधाने ज्या लोकांच्या उत्तरांवरून निवडली गेली, ते अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनाचा पूर्वेतिहास असलेले तेथील रुग्ण व बंदी होते. म्हणजे त्या सूचीतील 'बरे वाटणे' हे एका विशिष्ट समूहाच्या बोलीत ठरलेले आहे. दुसरी गोष्ट व्याकरणाची. या सर्व साधनांचा कणा विशेषण हा आहे. इंग्रजीत मनुष्य कर्ता असतो, आणि मनाची अवस्था हे त्याचे विशेषण असते. मराठीची घडण याहून वेगळी आहे, आणि येथूनच खरी अडचण सुरू होते.

४

मराठीत मनाच्या व देहाच्या बहुतेक अवस्था विशेषणाने सांगितल्या जात नाहीत. त्या नामाने सांगितल्या जातात, आणि ते नाम मनुष्याकडे 'येते', त्यास 'लागते', त्याच्यावर 'चढते'. झोप येते, घाम येतो, तरतरी येते, गुंगी येते, भूक लागते, नशा चढते व उतरते. अनुभव घेणारा मनुष्य येथे कर्ता नसून चतुर्थी विभक्तीत असतो : 'मला तरतरी आली'. वऱ्हाडी बोलीत हीच विभक्ती 'ले' प्रत्ययाने होते : 'मले तरतरी आली'. ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची दखल घेतलेली आहे. परंतु प्रश्नावलीच्या अनुवादकाने ती घेतल्याचे क्वचितच आढळते.

हा भेद वरवर किरकोळ भासेल. वस्तुतः तो मापाच्या जातीचा भेद आहे. विशेषण ही स्थिती होय. तिची मात्रा कमीअधिक होऊ शकते, म्हणून तिला रेषेवर बसवता येते. 'तरतरी आली' ही घटना होय. ती आली किंवा आली नाही. तिची मात्रा सांगावयाची असेल, तर बोलणारा ती केव्हा आली, किती वेळ टिकली व केव्हा गेली, हे सांगतो. रेषेवर खूण करण्यास सांगितले असता तो गोंधळतो, व त्या गोंधळातून निघालेला अंक मात्र निर्विकारपणे तक्त्यात जाऊन बसतो.

इंग्रजीत जागृत व तत्पर अशा अवस्थेस जे विशेषण वापरतात, त्यास मराठीत प्रतिशब्द शोधू गेल्यास 'सावध', 'दक्ष', 'जागरूक', 'हुशार', 'तरतरीत' असे पाच शब्द समोर येतात. 'सावध' माणसाच्या पुढे काहीतरी धोका असतो. 'दक्ष' हा कर्तव्याचा व कवायतीचा शब्द आहे. 'जागरूक' हल्ली नागरिक, पालक व ग्राहक यांच्यापुरता उरला आहे. 'हुशार' हा फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ शुद्धीवर असलेला, नशेत नसलेला असा होता. प्रमाण मराठीत तो बुद्धिमत्तेचा वाचक झाला, परंतु 'जरा हुशारी वाटली' या बोलण्यात मूळ अर्थाची छटा अद्याप जिवंत आहे. 'तरतरीत' हे माणसाच्या चेहऱ्याचे विशेषण आहे. आपली स्वतःची अवस्था सांगताना 'मी तरतरीत आहे' असे कोणी म्हणत नाही, 'तरतरी आली' असे म्हणतात. पाचही शब्द कोशात शेजारीशेजारी बसतील. कॅफीनच्या अनुभवास मात्र त्यांतील शेवटचा, तोही नामरूपात, लागू पडतो.

अनुवादाची शुद्धता तपासण्यासाठी प्रतिअनुवादाची पद्धत रूढ आहे. १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन याने तिचे विवेचन केले : एकाने मूळ भाषेतून अनुवाद करावा, दुसऱ्याने मूळ न पाहता तो परत फिरवावा, व दोन्ही जुळले तर अनुवाद मान्य करावा. या पद्धतीचा दोष असा की तिच्यात दोन सुशिक्षित द्विभाषकांच्या कोशज्ञानाची परीक्षा होते. 'सावध' हा शब्द बिनचूक परत फिरेल आणि परीक्षा उत्तीर्ण होईल. पण ज्यास तो विचारावयाचा, त्या मनुष्यास चहा प्याल्यावर आपण सावध झालो असे कधीच वाटलेले नसते.

५

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मेहकर व लोणार यांच्या दरम्यान वसलेले सुलतानपूर हे गाव उदाहरणादाखल डोळ्यांपुढे ठेवावे. गावाच्या नावातच अरबी 'सुलतान' व संस्कृत 'पूर' यांचा संयोग आहे. आणि या भूभागातील उत्तेजक व मादक द्रव्यांचा शब्दसंग्रहही असाच जोडीने घडला आहे. 'व्यसन' व 'उत्साह' संस्कृत. 'नशा', 'कैफ' व 'अंमल' अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. 'तरतरी', 'झिंग' ही देशी. वऱ्हाडात इमादशाहीपासून निजामापर्यंत ज्या राजवटी झाल्या, त्यांच्या कारभाराची छाया या शब्दांवर आहे. 'अंमल' हा राज्यकर्त्याचा असतो तसा द्रव्याचाही असतो. 'तलफ' शब्दाचे नाते मागणीवाचक 'तलब'शी दिसते. आणि 'कैफ' ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ 'कसा' असा आहे.

अशा गावी प्रश्नावली घेऊन जाणाऱ्याने 'लागणे' या एका क्रियापदाकडे जरी लक्ष दिले, तरी पुरे होईल. पुढील पाच वाक्ये पाहावीत. 'तंबाखू कडक लागते' : येथे चव सांगितली. 'मला सकाळी उठल्याबरोबर तंबाखू लागते' : येथे गरज सांगितली. 'मला तंबाखू लागली' : येथे घेरी, मळमळ, घाम, म्हणजे निकोटीनचा तीव्र परिणाम सांगितला. 'तंबाखूची सवय लागली' : येथे व्यसनाचा आरंभ सांगितला. 'तंबाखूचा नाद लागला' : येथे त्याच व्यसनाचा निषेधही आला. चव, तात्कालिक परिणाम, अवलंबित्व व सवय या चार गोष्टी मोजण्यासाठी औषधशास्त्रज्ञ चार वेगळी साधने वापरतो. मराठी भाषक एकाच क्रियापदाने चारही सांगतो, व त्यांतील भेद काळ, नाम आणि संदर्भ यांवरून नेमका ओळखतो.

प्रश्नकर्त्यास हा भेद ठाऊक नसेल तर काय होते, हे सुपारीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सुपारीतील अरेकोलीन या द्रव्याने घाम सुटतो, छातीत धडधड होते, घशात दाटल्यासारखे वाटते. यालाच 'सुपारी लागणे' म्हणतात. आता 'तुम्हाला सुपारी लागते का?' या प्रश्नास 'हो' असे उत्तर देणारी दोन माणसे असू शकतात. एकास जेवणानंतर सुपारीवाचून चैन पडत नाही. दुसऱ्यास सुपारीचे खांड तोंडात टाकताच घेरी येते, म्हणून तो तिच्या वाटेस जात नाही. एक मापाच्या वरच्या टोकास, दुसरा खालच्या टोकास. उत्तर मात्र एकच. 'सुपारी लागली होती का?' असा भूतकाळी प्रश्न विचारताच संदिग्धता नाहीशी होते. म्हणजे मापनाची चूक केवळ एका काळाच्या निवडीने उत्पन्न होते, आणि एका काळाच्या निवडीने टाळताही येते.

रिव्हर्सने ओळखलेली सवयीची अडचणही मराठीत एका शब्दात साठवलेली आहे. 'बरे वाटले' या शब्दप्रयोगात चांगले वाटणे व आजारातून उठणे या दोन्ही अर्थांची बेरीज आहे. चहाची सवय असलेल्या मनुष्याने तो घेतला नाही, तर बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते. चहा घेताच ते उतरते. 'चहाने बरे वाटले' या वाक्यात कॅफीनने दिलेली नवी शक्ती किती व कॅफीनच्याच अभावाने आलेल्या पीडेचा परिहार किती, हे सांगता येत नाही. गेली कित्येक दशके कॅफीनच्या अभ्यासकांमध्ये याच मुद्द्यावर वाद चालू आहे. इंग्रजी प्रश्नावलीत 'चांगले' व 'अधिक बरे' यांसाठी निराळे शब्द असल्याने तो भेद निदान विचारता तरी येतो. मराठी प्रश्नावलीत 'बरे' हा शब्द आला की तो भेद पुसला जातो. यास्तव तेथे 'आधी काही त्रास होत होता का?' हा स्वतंत्र प्रश्न अवश्य हवा.

६

सेवनाचे परिमाण विचारतानाही हीच गफलत होते. फागरस्ट्रॉम याची निकोटीन-अवलंबित्वाची प्रश्नावली १९७८ साली आली व १९९१ साली सुधारली गेली. तिच्यात सहा प्रश्न व शून्य ते दहा गुण आहेत. जागे झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्यास त्या एका प्रश्नाचे तीन गुण मिळतात. दिवसाकाठी किती सिगारेटी, हाही प्रश्न तिच्यात आहे. सिगारेट ही मोजण्यास सोपी वस्तू आहे. ती कारखान्यात एकसारखी बनते. चुना लावून मळलेली चिमूट तशी नाही. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटीन मुक्त स्वरूपात येते व तोंडातील त्वचेतून वेगाने शोषले जाते. म्हणजे चिमटीचा आकार तोच असला, तरी चुना किती व मळणे किती यांवर मात्रा बदलते. शिवाय मळलेली तंबाखू एकट्याची राहत नाही. हात पुढे करणाऱ्याच्या तळहातावर तिचा वाटा जातो. 'दिवसाला किती पुड्या?' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच विकत घेण्याचे माप होते, खाण्याचे नव्हे.

क्रियापदाची निवड येथे तर माणसेच्या माणसे गाळून टाकू शकते. भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची, म्हणजे मिश्री वा मशेरीची, चाल महाराष्ट्रातील स्त्रियांत जुनी आहे. मिश्री खाल्ली जात नाही, ओढली जात नाही. ती लावली जाते. 'तुम्ही तंबाखू खाता का?' असे विचारल्यास मिश्री लावणारी स्त्री 'नाही' म्हणते व खोटे बोलत नाही. पदार्थांची नावे एकेक घेऊन विचारणारी सर्वेक्षणे या दृष्टीने अधिक विश्वसनीय ठरतात. गुटख्याच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. तेव्हापासून 'गुटखा खाता का?' हा प्रश्न आरोग्याचा राहिला नसून त्यास पोलीसपाटलाच्या चौकशीचा वास येतो.

नाव नोंदण्यातून केवढा अनर्थ होऊ शकतो, याचा एक जुना पुरावा भारतीय भांग-गांजा आयोगाच्या अहवालात आहे. १८९३–९४ साली काम करणाऱ्या या आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले. इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाडही त्याच्या कक्षेत होता. गांजाने वेड लागते, या समजुतीस वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांचा आधार दिला जात असे. आयोगाने मूळ नोंदी तपासल्या, तेव्हा वेडाच्या कारणाचा रकाना पुष्कळदा रोग्यास पाठवणाऱ्या पोलिसांच्या वा दंडाधिकाऱ्यांच्या टिपणावरून भरला जात असल्याचे आढळले. दुसरे काही ठाऊक नसले की गांजा हे कारण सोयीचे पडे. तक्त्यात उतरलेला शब्द पुढे अंक झाला, आणि अंक झाल्यावर तो शब्द कोणी विचारला नाही. गांजा हे उत्तेजक नव्हे. परंतु धडा सर्व द्रव्यांना लागू आहे.

७

खुद्द 'उत्तेजक' या शब्दाची गतही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मराठीत 'उत्तेजन' हे ग्रंथांना, वक्तृत्वाला, उद्योगांना दिले जाई. तो प्रोत्साहनाचा शब्द होता. औषधशास्त्रात मज्जासंस्थेची क्रिया वाढवणाऱ्या द्रव्यास तो लागू झाला, हे योग्यच. वृत्तपत्रांनी मात्र खेळाडूंना निषिद्ध असलेल्या प्रत्येक द्रव्यास 'उत्तेजक' म्हणण्यास आरंभ केला. जागतिक संस्थेच्या निषिद्ध द्रव्यांच्या यादीत उत्तेजके हा अनेक वर्गांपैकी एक वर्ग आहे. स्नायू वाढवणारी संप्रेरके, लघवी वाढवणारी औषधे, श्वासनलिका रुंदावणारी औषधे यांचे वर्ग वेगळे आहेत. २०१९ साली मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली, तेव्हा त्याच्या चाचणीत सापडलेले टर्ब्युटालीन हे खोकल्याच्या औषधात असणारे, श्वासनलिका रुंदावणारे द्रव्य होते. 'उत्तेजक सेवन' या मथळ्याखाली ते आले की वाचकाच्या मनात नशेचे चित्र उभे राहते. उलटपक्षी कॅफीन हे निर्विवाद उत्तेजक २००४ सालापासून त्या निषिद्ध यादीत नाही. शब्दाची व्याप्ती अशी सैल झाल्यावर 'तुम्ही उत्तेजक द्रव्य घेता का?' या प्रश्नास रोज सहा कप चहा पिणारा मनुष्य प्रामाणिकपणे 'छे' म्हणेल.

८

यावर असा आक्षेप संभवतो की शब्दांचा एवढा भरवसा नसेल, तर शब्द सोडून केवळ यंत्राने वाचता येणारी मापे घ्यावीत. रक्तातील वा लाळेतील कोटिनीन मोजले की तंबाखूचा वापर कळतो. डिंजेस व पॉवेल यांनी १९८५ साली मांडलेली दहा मिनिटांची दक्षता-चाचणी घेतली, की अर्ध्या सेकंदाहून उशिरा दिलेले प्रतिसाद मोजून जागृतीची पातळी कळते. मग विचारावयाचे कशासाठी?

या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते मर्यादित आहे. शरीराचे माप द्रव्य किती आले ते सांगते. त्याने मनुष्यास काय केले ते सांगत नाही. कोटिनीनचे प्रमाण सारखे असलेल्या दोघांपैकी एकास तंबाखू सोडणे सोपे जाते व दुसऱ्यास अशक्य होते. हा भेद तलफेचा आहे आणि तलफेला यंत्र नाही. शिवाय यंत्राच्या चाचणीतही सूचना भाषेतूनच दिली जाते. 'शक्य तितक्या लवकर दाबा' आणि 'न चुकता दाबा' यांपैकी कशावर भर दिला, यानुसार प्रतिक्रियाकाल बदलतो. अंकांच्या जागी चिन्हे भरण्याची चाचणी शाळेत गेलेल्यास सोपी, न गेलेल्यास कठीण. आणि आयुष्यभर देवनागरी अंक लिहिलेल्या वृद्धापुढे इंग्रजी अंक ठेवल्यास मोजमाप द्रव्याचे होते की लिपीचे, हे सांगणे कठीण. जेथे डोळ्यांनी दिसणारी विकृती मोजावयाची, तेथे शब्दाचे ओझे कमी असते. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून मेहता, गुप्ता, पिंडबोर्ग प्रभृतींनी १९७२ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तोंडातील चट्टा तपासणाऱ्याच्या दृष्टीस पडत होता. पण तेथेही चट्ट्याचा संबंध सवयीशी जोडावयाचा, तर सवय विचारावीच लागते.

दुसरा आक्षेप असा की बोलीबोलीगणिक प्रश्नावली बदलत गेल्यास तुलना अशक्य होईल. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की तुलना शब्दांच्या सारखेपणावर अवलंबून नसून त्या शब्दांनी पकडलेल्या अनुभवाच्या सारखेपणावर अवलंबून असते. 'तीव्र इच्छा' हे शब्द पुण्यात व सुलतानपुरात एकच ठेवले, तरी ते दोन्हीकडे एकच गोष्ट मोजतील अशी हमी नाही. 'तलफ येणे' हे मात्र सर्वत्र समजते. आणि जेथे बोलींत भेद आहे, तेथे ज्ञात मात्रेस दोन बोलींतील माणसे कोणते अंक देतात हे ताडून पाहता येते. हॉलिंगवर्थ दांपत्याने कुप्यांच्या साहाय्याने जे केले, तेच शब्दांच्या बाबतीत करावयाचे आहे.

९

या विवेचनातून निघणाऱ्या अपेक्षा थोड्या व साध्या आहेत. मनःस्थितीच्या मराठी प्रश्नावलीत विशेषणांऐवजी नाम व क्रियापद यांची वाक्ये असावीत : 'तरतरी आली', 'झापड उडाली', 'धडधड झाली', 'तलफ आली'. मात्रा विचारताना 'किती' याच्या जोडीने 'केव्हा' व 'किती वेळ' हे विचारावे. 'लागणे' व 'बरे वाटणे' यांसारखी अनेकार्थी क्रियापदे काळ व संदर्भ निश्चित करूनच वापरावीत. पदार्थाचे नाव त्या गावी रूढ असलेले घ्यावे व त्यास लागणारे क्रियापदही तेथलेच घ्यावे : मिश्री लावणे, विडी ओढणे, पान खाणे, तंबाखू मळणे. प्रतिअनुवादानंतर प्रश्न मूळ बोलीच्या भाषकांपुढे ठेवून 'यावरून तुम्ही काय समजलात?' असे विचारावे, आणि त्यांचे उत्तर अंतिम मानावे. भाषाविभाग व औषधशास्त्र विभाग यांनी एकत्र बसून हे काम करावे. दोहोंपैकी एकट्याने ते होणार नाही.

हे न केल्यास हानी कोणाची, हे स्पष्ट असावे. प्रश्न चुकीच्या क्रियापदाने विचारला गेला म्हणून 'नाही' म्हणालेली मिश्री लावणारी स्त्री तक्त्यात तंबाखूमुक्त ठरते. तिच्या तोंडात पांढरा चट्टा उठेपर्यंत तिला कोणी सल्ला देत नाही. सुपारीने घेरी येणारा मनुष्य व्यसनी ठरतो. चहावाचून डोके दुखणारा मजूर 'चहाने बरे वाटते' म्हणतो आणि चहा शक्तिवर्धक असल्याचा पुरावा बनतो. अंक तिन्ही ठिकाणी नीटनेटके असतात. त्यांची सरासरी काढता येते, त्यांचे आलेखही सुबक निघतात. ज्या वाक्यातून ते अंक निघाले ते वाक्य मात्र कोणी पुन्हा वाचत नाही. उत्तेजक द्रव्यांचा परिणाम मोजणाऱ्याने तराजूइतकीच काळजी त्या वाक्याची घेतली पाहिजे.